नाना कोणत्या गावचे?

मराठी मुलखात माणसाची ओळख त्याच्या गावाच्या नावावाचून पुरी होत नाही. नाव आणि आडनाव सांगून झाले तरी समोरचा मनुष्य 'गाव कोणते?' असे विचारतोच. आणि ज्याने रंगभूमीवर वा पडद्यावर कीर्ती मिळविली त्याच्याविषयी तर हा प्रश्न पारापारांवर अधिकच आस्थेने निघतो, कारण कीर्तिमान पुरुषाचे गाव आपले म्हणता आले की त्याच्या यशाचा काही अंश आपल्याही वाट्यास आला, असे समाधान लोकांना लाभते. विश्वनाथ ऊर्फ नाना पाटेकर यांच्यापुरते या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. रायगड जिल्ह्यातील मुरुड-जंजिरा हे त्यांचे जन्मगाव, आणि जन्मतारीख १ जानेवारी १९५१. परंतु समुद्रापासून फार दूर, बालाघाटाच्या कुशीत, बीडहून परळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेल्या वडवणीत जेव्हा हा विषय निघाला, तेव्हा ते उत्तर सर्वांना पुरेसे वाटले नाही.

वडवणी हे तालुक्याचे ठिकाण १९९९ साली झाले. येथील पावसाचे पाणी कुंडलिकेतून सिंदफणेत, सिंदफणेतून गोदावरीत आणि तेथून पूर्वेच्या समुद्राकडे जाते. मुरुडचा पश्चिम समुद्र या भूमीला निसर्गाच्या कोणत्याच वाटेने ठाऊक नाही. गावात दोन वयोवृद्ध गृहस्थ आहेत. एक निवृत्त शिक्षक, ज्यांच्या उमेदीची वर्षे जिल्हा परिषदेच्या नोकरीत मुरुड तालुक्यातील शाळांत गेली. सारे त्यांना गुरुजी म्हणतात. दुसरे महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले अण्णा, ज्यांचे आयुष्य तहसिलीच्या दप्तरात, पंचनामे, आणेवारी आणि टंचाईचे अहवाल लिहिण्यात गेले. चित्रपटातील नटाचे आणि गावाचे नाते कशाने जडते, आणि जडले तर कशाने टिकते, याविषयी या दोघांची मते एकमेकांस छेद देणारी आहेत. त्यांचा जो संवाद ऐकावयास मिळाला तो, दोघांच्याही विचारांचा मान राखून, येथे दिला आहे.

गुरुजी : अण्णा, नटाच्या जन्मगावाचे महत्त्व तुम्हाला वाटत नाही, याचे मला आश्चर्य वाटते. मुरुडच्या किनाऱ्यावर ज्याने एक पावसाळा तरी काढला आहे, त्याला त्या गावाची प्रकृती आणि नानांच्या अभिनयाची प्रकृती यांतील साम्य समजावून सांगावे लागत नाही. एका अंगास नारळी-पोफळीच्या वाड्या आणि दुसऱ्या अंगास खवळलेला समुद्र. गावासमोर शिवछत्रपतींनी सिद्दीला शह देण्यासाठी उभारलेला पद्मदुर्ग आणि दक्षिणेस राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी कोणासही दाद न दिलेला जंजिरा. अशा ठिकाणी वाढणाऱ्या मुलाच्या डोळ्यांसमोर झुंज हीच नित्याची वस्तू असते. समुद्रावर जाणाऱ्या कोळ्याला वाऱ्याच्या आवाजावर मात करून बोलावे लागते, म्हणून त्याचे बोलणे मोजके, ठासून उच्चारलेले आणि आडपडद्याचे नसलेले असे होते. नानांची वाक्ये पडद्यावरून कानी पडतात, तेव्हा मला त्या किनाऱ्याचा उच्चार त्यांत ऐकू येतो. जंजिऱ्याच्या नबाबाचे संस्थान १९४८ साली विलीन झाले आणि त्यानंतर पुरती तीन वर्षे होण्याच्या आत हा मुलगा तेथे जन्मला. म्हणजे जुना अंमल गेला आहे, नवा अजून रुजावयाचा आहे, अशा संधिकालातील ते गाव होते. त्या गावाने त्याला घडविले, आणि म्हणून त्या गावाचा त्याच्यावरील हक्क पहिला आहे.

अण्णा : गुरुजी, संस्थान म्हणाल तर आपणही त्याच १९४८ साली निजामाच्या अंमलातून मुक्त झालो, तेवढ्याने आपल्याकडे नट निपजले नाहीत. जन्म हा मनुष्याच्या इच्छेचा भाग नव्हे, आणि ज्यात इच्छा नाही त्यात पुण्यही नाही आणि हक्कही नाही. नानांनी मुलाखतींतून स्वतःच सांगितलेली हकीकत पाहा. घरची परिस्थिती बिघडल्यावर तेराव्या वर्षापासून चित्रपटांची पोस्टरे रंगविण्याचे काम त्यांनी धरले. महिना पस्तीस रुपये आणि एका वेळचे जेवण हे त्याचे वेतन होते, आणि त्यासाठी ते मैलोगणती पायी चालत. पुढे मुंबईच्या जे. जे. उपयोजित कला संस्थेत शिक्षण, मग रंगभूमी, आणि १९७८ साली मुजफ्फर अली यांच्या 'गमन'मधून चित्रपटात प्रवेश. त्यांच्या बोलण्यात जी धार तुम्हाला ऐकू येते ती समुद्राची की भुकेची, याचा निर्णय तुम्ही इतक्या त्वरेने करू नये असे मला वाटते. समुद्र मुरुडच्या प्रत्येक मुलाला मिळाला. ती भूक ज्यांना मिळाली आणि तरीही ज्यांनी हात पसरले नाहीत, ते थोडे.

गुरुजी : भूक हीही गावाचीच देणगी असते, अण्णा. कोकणातील घरांनी मुंबईला माणसे पाठविली ती हौसेने नव्हे. पण तुमचा मुद्दा क्षणभर मान्य केला तरी माझा आग्रह उरतोच, कारण मी हक्काइतकाच स्मृतीविषयी बोलत आहे. आयर्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, केरी परगण्यात वॉटरविल नावाचे एक लहानसे गाव आहे. चार्ली चॅप्लिन तेथे जन्मला नाही. १९५९ साली तो कुटुंबासह प्रथम तेथे गेला आणि पुढे दहा वर्षांहून अधिक काळ सुटीसाठी त्याच गावी जात राहिला. त्याच्या मृत्यूला वीस वर्षे उलटल्यावर, १९९८ साली, गावाने समुद्राकाठी त्याचा ब्राँझचा पुतळा उभारला, आणि २०११ पासून त्याच्या नावाने विनोदी चित्रपटांचा महोत्सव सुरू केला. काही उन्हाळ्यांच्या सहवासावर एखादे गाव एवढे नाते राखते, तर ज्या गावात नटाने पहिला श्वास घेतला त्या मुरुडने किती राखावयास हवे! मुरुडमध्ये एक दालन असावे, ज्यात त्यांची नाटके, चित्रपट, छायाचित्रे, त्या काळी हातांनी रंगविलेली पोस्टरे यांचा संग्रह असेल, आणि वर्षातून एकदा किनाऱ्यावरच्या मुलांना अभिनयाचे पाठ मिळतील.

अण्णा : वॉटरविलचे उदाहरण तुम्ही दिलेत, पण ते माझ्या बाजूचे आहे. चॅप्लिन त्या गावी वारंवार गेला. गावाने त्याला निवांतपणा दिला, त्याने गावाला आपल्या सहवासाचा मान दिला. म्हणजे तेथेही नाते जन्माने पडले नाही, वर्तनाने पडले. आमच्या खात्यात जमिनीचा कागद एकाच्या नावे आणि पिढ्यान् पिढ्यांची वहिवाट दुसऱ्याची, अशी प्रकरणे येत, आणि नांगर कोणाचा फिरला हे पाहिल्याखेरीज त्यांचा उलगडा होत नसे. नानांच्या बाबतीत कागद मुरुडच्या नावे आहे, हे मी नाकारीत नाही; वहिवाट मात्र मराठवाड्याची आहे. २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला. तुमच्या मुरुडला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. आमच्याकडे त्याची सरासरी सहाशे-सातशेच्या आसपासच, आणि त्या दोन वर्षांत तेवढाही झाला नाही. उभी पिके करपली, जनावरे बाजारात मिळेल त्या भावाने गेली, आणि घरोघरच्या कर्त्या पुरुषांनी जीव दिले. त्या दिवसांत नाना पाटेकर आणि मराठवाड्याचाच नट मकरंद अनासपुरे यांनी आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील स्त्रियांना बोलावून प्रत्येकी पंधरा हजार रुपयांचे धनादेश दिले, आणि २०१५ सालीच 'नाम' ही संस्था स्थापन केली. ज्याचा या भूमीशी जन्माचा, जातीचा, मताचा काडीमात्र संबंध नाही, असा समुद्राकाठचा मनुष्य दुष्काळात येथे येतो. यापेक्षा निराळे नाते ते कोणते?

गुरुजी : त्या औदार्याला मी वंदन करतो. पण देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये जे उत्पन्न होते त्याला उपकार म्हणतात. नाते म्हणावयाचे तर दोघे समान पातळीवर हवेत. जन्मगाव आपल्या पुत्रापाशी काही मागत नाही, म्हणून ते त्याच्यासमोर ताठ उभे राहू शकते. दुष्काळी मुलूख मात्र ओंजळ पसरून उभा असतो, आणि ओंजळ पसरलेल्याला 'हे आमचेच' असे म्हणण्याचा धीर सहसा होत नाही. शिवाय पंधरा हजारांनी कोणाचे दुःख फिटले? एक हंगाम निभावला असेल, मुलाची फी भरली गेली असेल.

अण्णा : रकमेवरून त्या कृत्याचे मोल करू नका. मी सरकारी मदतीची प्रकरणे पाहिली आहेत. जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या वारसास एक लाख रुपये मिळतात; त्यांतील तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीच्या रूपाने. पण त्यासाठी शेत कुटुंबाच्या नावे असावे लागते, कर्ज बँकेचे, सहकारी सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे लागते, आणि त्या कर्जाच्या परतफेडीचा तगादा होता हे चौकशीत निष्पन्न व्हावे लागते. ज्याने बिगरपरवाना सावकाराकडून पैसे उचलले, किंवा जो दुसऱ्याचे रान बटईने कसत होता, त्याच्या प्रकरणावर 'अपात्र' असा शेरा पडतो. नियम असावेतच, सरकारी पैसा नियमावाचून वाटता येत नाही. परंतु त्या एका शब्दाने घरच्या बाईच्या मनावर काय आघात होतो, हे कागदात उमटत नाही. नवरा गेला तो गेला, आणि त्याचे मरणही खरे मानले गेले नाही, असे तिला वाटते. अशा स्त्रीला ज्या दिवशी भरसभेत नावाने हाक मारून, ज्याचा चेहरा साऱ्या देशाला ठाऊक आहे अशा माणसाने नमस्कार केला, त्या दिवशी तिच्या गावात तिची पत परत आली. विधवेला शुभकार्यात मागे उभे करणाऱ्या समाजात तिला पुढे बोलावणे, हे दान नव्हे. हा न्याय आहे, आणि तो करण्यासाठी नटाच्या अंगी असलेली कीर्ती हेच योग्य साधन होते.

गुरुजी : हा विचार माझ्या मनात अशा स्वरूपात आला नव्हता, तो मी स्वीकारतो. पण मला सांगा, तो न्याय एका सभेपुरता राहिला तर गावाशी नाते जडले असे कसे म्हणता येईल? सभा उठते, गाड्या निघून जातात, आणि पुढच्या दसऱ्या-दिवाळीला आपल्याच वडवणीच्या, धारूरच्या, केजच्या वाड्यावस्त्यांवरून जोडपी मुकादमाची उचल घेऊन, बिऱ्हाड बांधून कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडे ऊसतोडीस निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी त्यांची गणती. सहा-सहा महिने पाचटाच्या कोपीत संसार. मुलांची शाळा अर्ध्यावर. त्या कोयत्याच्या वाटेवर कोणत्याही नटाच्या कीर्तीचा उजेड पडलेला मला दिसत नाही.

अण्णा : तो एका मनुष्याने पाडावा अशी अपेक्षा करणेच गैर आहे. कारखानदारी, मजुरीचे करार, वसतिगृहे, सिंचन या राज्यसंस्थेच्या जबाबदाऱ्या आहेत, आणि नटाच्या औदार्याच्या आड त्या झाकल्या जाऊ नयेत, हे मी तुमच्याइतक्याच कळकळीने म्हणतो. पण सभेपुरते राहिले, हे मात्र खरे नव्हे. धनादेशांनंतर 'नाम'ने पाण्याचे काम हाती घेतले. ओढ्या-नाल्यांचे खोलीकरण, रुंदीकरण, तलावांतील गाळ काढणे. पुढच्या वर्षी, २०१६ साली, आमिर खान यांच्या पुढाकाराने झालेल्या पानी फाउंडेशनने वॉटर कप स्पर्धा भरविली, तेव्हा साऱ्या राज्यातून निवडलेल्या तीन तालुक्यांत अमरावतीचा वरुड, साताऱ्याचा कोरेगाव आणि आपल्या जिल्ह्याचा अंबाजोगाई हे होते. एप्रिल-मेच्या उन्हात गावेच्या गावे कुदळ-फावडे घेऊन माळावर गेली, आणि अंबाजोगाई तालुक्यातील खापरटोनसारखे लहान गाव बक्षीसपात्र ठरले. तुम्ही समान पातळीविषयी बोललात. ती येथे सापडते. नटाने आपले नाव दिले, गावाने आपला घाम दिला. एकावाचून दुसरे निष्फळ होते. पालवणचेही तसेच. बीड शहराजवळच्या त्या उघड्या डोंगरावर सयाजी शिंदे यांनी लोकांना हाताशी धरून देवराई वाढविली, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तेथे वृक्षसंमेलन भरले, ज्याचे अध्यक्षपद वडाच्या झाडास दिले होते. साताऱ्याच्या मातीतला नट बीडच्या डोंगरावर झाडे लावतो. या झाडांना तुम्ही जन्मगाव विचारणार काय?

गुरुजी : झाडांना नाही विचारणार, पण कामांना मात्र त्यांचे शास्त्र विचारीन. नाला किती खोल खणावा, कोठे खणावा, भूगर्भातील खडकाचा थर कोठे फुटतो, खालच्या गावाच्या पाण्यावर त्याचा काय परिणाम होतो, याविषयी जाणकारांनी त्याच काळात गंभीर आक्षेप घेतले होते. राज्य सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेतील अशास्त्रीय खोलीकरणाविरुद्ध अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले. आणि २०१८ साली पाऊस पुन्हा हुकला, तेव्हा राज्य सरकारने १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले. आपला जिल्हा त्यांत होताच. म्हणजे कीर्तीच्या प्रकाशात झालेले काम शास्त्राच्या प्रकाशातही पाहावे लागते. नटावरील प्रेमामुळे आपण ते पाहण्याचे टाळले, तर प्रेमाने आपलेच नुकसान होईल.

अण्णा : येथे माझा तुमच्याशी विरोध नाही, उलट माझ्या म्हणण्याला तुम्ही बळकटी दिलीत. ज्याला आपण आपला म्हणतो त्याच्या कामाचा हिशेब मागण्याचा आपल्याला अधिकार असतो, आणि त्याच्या कामात आपली जबाबदारी किती हे सांगण्याचे कर्तव्यही असते. परक्याने दिलेल्या वस्तूची मनुष्य तपासणी करीत नाही, ती मुकाट्याने घेतो. कोणत्या नाल्याला पाणी टिकले, कोणत्या तलावात पुन्हा गाळ साचला, कोणत्या घरातील मुलगी बारावीपर्यंत पोचली, याची नोंद गावोगाव ठेवली पाहिजे. अशी नोंदवही हाच मला नटाच्या नावाचा खरा सत्कार वाटतो.

गुरुजी : मग मुरुडच्या दालनाला तुमचा विरोध का?

अण्णा : दालनाला नाही, पुतळ्याला आहे. नाना हयात आहेत, काम करीत आहेत. जिवंत मनुष्याविषयी वाद उठतात, आरोप होतात, त्याची मते बदलतात, त्याच्याकडून प्रमादही घडू शकतो. त्याला दगडा-धातूत उभे केले की त्याच्याविषयी मोकळेपणाने बोलणे गावाला जड जाते, आणि त्यालाही मनुष्य म्हणून वागणे कठीण होते. इगतपुरीजवळ, त्रिंगलवाडी किल्ल्याच्या परिसरात इरफान खान यांनी जमीन घेतली होती. त्यांनी तेथील लोकांना रुग्णवाहिका दिली, शाळेच्या मुलांना मदत केली, आणि २०२० च्या एप्रिलमध्ये ते निवर्तल्यावर तेथील लोकांनी आपल्या वस्तीला 'हीरोची वाडी' असे नाव दिले. त्यात पुतळा नाही, वर्गणी नाही, उद्घाटनाचा समारंभ नाही. लोकांच्या तोंडी जे राहिले तेच नाव झाले. मला ती रीत अधिक विवेकाची वाटते. मनुष्याचे जीवित पुरे होऊ द्यावे, मग लोकांनी ठरवावे.

गुरुजी : विवेकाची खरी, पण संग्रहासाठी घातक. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालचा. त्याचाही काही भागच आपल्या हाती उरला आहे. मूकपटांच्या काळातील बहुतेक सारी संपत्ती नाहीशी झाली, कारण ती जपावयास हवी हे सुचण्यास उशीर झाला. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली निघाले, तोवर पुष्कळसे जळून वा कुजून गेले होते. मनुष्य हयात आहे तोच त्याच्या सोबत्यांकडून आठवणी लिहून घ्याव्या लागतात, त्याने वापरलेली संहिता, त्याची पत्रे, त्याच्या नाटकांच्या जाहिराती मिळवाव्या लागतात. पुतळ्याविषयी तुमचे म्हणणे मी मान्य करतो. पण दालनासाठी मरणाची वाट पाहणे मला मान्य नाही. आणि त्या दालनात पस्तीस रुपयांवर पोस्टरे रंगविणारा मुलगा प्रथम दिसावा, पुरस्कार नंतर. 'परिंदा', 'क्रांतिवीर', 'अग्निसाक्षी' या तीन चित्रपटांसाठी मिळालेले राष्ट्रीय पुरस्कार आणि २०१३ ची पद्मश्री या गोष्टी कोठेही वाचावयास मिळतात. कोळीवाड्यातील मुलाला त्यांपेक्षा त्या रंगांच्या डब्याची अधिक गरज आहे.

अण्णा : हे मला पटले. तेथे नुसता नट राहणार नाही, त्याचा व्यवसाय आणि त्याचे कष्ट राहतील. आता एक गोष्ट माझ्या बाजूने सांगतो, जी या वादाच्या मुळाशी आहे आणि जी मी आतापर्यंत बोललो नाही. नानांचे आणि आपले नाते २०१५ साली सुरू झाले असे मी म्हणालो, ते अपुरे आहे. यात्रेतल्या तंबूत जमिनीवर बसून येथल्या लोकांनी 'अंकुश' पाहिला, तो १९८६ सालचा. ज्यांना काम मिळत नाही अशा चार तरुणांची ती कहाणी. पुढे 'प्रहार' पाहिला, 'क्रांतिवीर' पाहिला. आपल्याकडच्या माणसाला आपल्या संतापाला शब्द सापडत नव्हते. ते त्या पडद्यावरून त्याला मिळाले. तिकिटाच्या पैशापलीकडे या लोकांनी त्या नटाला आपला विश्वास दिला, आणि तो परत मागितला नाही. म्हणून २०१५ साली नाना आले तेव्हा नव्याने ओळख करून द्यावी लागली नाही. ते आले ते फेडावयास आले, असे मी मानतो. आणि जो फेडतो त्याच्यापुढे मान खाली घालण्याचे कारण नसते. देणारा-घेणारा ही तुमची शंका मला येथे फिटलेली दिसते.

गुरुजी : फिटली. आणि त्याबरोबर माझीही एक समजूत रुंदावली. नट घडतो तेथे त्याचे एक गाव असते, आणि ज्यांच्या विश्वासावर तो मोठा होतो तेथे त्याची अनेक गावे असतात. पहिल्या गावाने तो कसा घडला हे सांगत राहावे. दुसऱ्या गावांनी त्याने आणि आपण मिळून काय केले याचा हिशेब ठेवावा. तरीही अण्णा, मी मुरुडचा क्रम पहिलाच लावीन.

अण्णा : लावा, मी वडवणीचा लावीन. क्रमाचा वाद राहिला तर बिघडत नाही, काम राहिले तर बिघडते.

या दोघांचे मतैक्य पुरते झाले नाही, आणि व्हावे असा माझाही हट्ट नाही. पण या संवादातून मला जे निश्चित वाटले ते लिहिणे हे माझे कर्तव्य आहे. आपल्या राज्यात नटांवर अलोट प्रेम करणारी गावे पुष्कळ आहेत. त्यांच्या आगमनाच्या दिवशी कमानी उभारल्या जातात, छायाचित्रे काढली जातात, आणि दुसऱ्या दिवशी गाव जसे होते तसे राहते. ते प्रेम खोटे नसते, पण त्याला करावयास काही काम नसते, म्हणून ते विरते. मुरुड आणि वडवणी या दोन्ही गावांना काम आहे. मुरुडला आपल्या मुलांसमोर ठेवावयास एक जिणे आहे, ज्यात दारिद्र्य लपविलेले नाही आणि कलेची साधना सोपी म्हणून सांगितलेली नाही. वडवणीला आणि तिच्या भोवतालच्या मुलखाला राखावयास ओढे आहेत, तलाव आहेत, झाडे आहेत, शिकवावयास मुले आहेत आणि राज्यकर्त्यांकडे लावून धरावयास ऊसतोड कामगारांचे प्रश्न आहेत. कोणताही नट येथे आला तर त्याने या कामांत एक माणूस म्हणून सामील व्हावे, आणि कोणीही न आला तरी ही कामे थांबू नयेत. एखाद्या कलावंताला आपला म्हणण्याचा अधिकार गावाला त्याच्या कीर्तीने मिळत नाही, त्याच्या दातृत्वानेही मिळत नाही; त्याने ज्या कारणासाठी आपल्याकडे वळून पाहिले ते कारण आपण स्वतः हाती घेतले, तरच तो मिळतो, आणि घेतलेले काम जितकी वर्षे चालते तितकीच वर्षे टिकतो. नाना कोणत्या गावचे, या प्रश्नाचे उत्तर मुरुडच्या जन्मनोंदीत एकदाच लिहिले गेले आहे. आपल्या गावापुरते ते दरवर्षी, मृग लागण्यापूर्वी, ओढ्याच्या पात्रात उतरून नव्याने लिहावे लागेल.